ऑपरेशनला ‘आत्ता नको’ म्हणायचं आहे

अर्धविराम
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय १९. जन्मतः डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू दुभंगलेली. चौथ्या महिन्यात ओठ शिवला, सव्वा वर्षाची असताना टाळू. टाळूत एक बारीक भोक राहिलं होतं, ते सहाव्या वर्षी बुजवलं. तोवर पाणी पिताना हसू आलं की पाणी नाकातून यायचं. वर्गात माझी कीर्ती तेवढ्यापुरतीच होती. दहाव्या वर्षी कमरेच्या हाडातलं थोडं काढून हिरडीत भरलं. मग पाच वर्षं तारा.

आता नाक आणि ओठावरचा व्रण यांचं एक ऑपरेशन सुचवलंय. शेवटचं म्हणे. डॉक्टर म्हणाले, “तुझी इच्छा असेल तर.” इतक्या वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं आणि मला काही उत्तरच सुचलं नाही. माझ्या वतीने आई “हो” म्हणाली. घरी आल्यावर सुट्ट्या कधी आहेत ते बघायला कॅलेंडर काढलं.

मला ते नकोय. आत्ता नको की कधीच नको, ते मलाही सांगता येत नाही. घरचे म्हणतात, एवढं सगळं सोसलंस आणि शेवटच्या पायरीवर बसकण मारतेस? भांडण नाही, पण घरात सगळे जरा जपून बोलतायत, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

अजून एक. हे कुणाला सांगितलेलं नाही. आरशात माझं नाक एका बाजूला झुकलेलं दिसतं, मला त्याची सवय आहे. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत तेच नाक उलट बाजूला जातं. चेहरा थोडाफार वाकडा सगळ्यांचाच असतो, माझा जास्त आहे म्हणून उलटला की एकदम परका होतो. मैत्रिणी म्हणतात, “छान आलाय फोटो,” आणि त्या खोटं बोलत नसतात, कारण त्यांनी मला कायम तशीच पाहिलीय. परका तो मलाच. मग नेमका कुठला चेहरा दुरुस्त करायचाय?

कुणी मधेच थांबलंय का? पस्तावलात?

सदासुखी
ताई, दिसण्यात काय आहे? मन सुंदर हवं. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ‘मी सुंदर आहे’ असं २१ वेळा म्हण. अनुभव घेऊन बघ. शुभेच्छा!

शिट्टी
सदासुखी, भावना पोचल्या. पण मी सुंदर आहे का, असं तिने विचारलेलंच नाही. ‘नको’ म्हणू का, असं विचारलंय. आणि आरशाबद्दल तिने एवढं लिहिल्यावर तिला आरशासमोरच उभं करताय?

अर्धविराम, मी ३१. दोन्ही बाजूंचा ओठ आणि टाळू. हे टोपणनाव घेतलं कारण मला शिट्टी वाजवता येत नाही. फुगाही फुगत नाही, हवा नाकातून निसटते.

लहानपणी मी ‘बाबा’ म्हणायचो ते ‘मामा’ ऐकू यायचं. खरे मामा घरी आले की खोलीभर हशा. मीही हसायचो, कारण आपण हसलो की विषय लवकर संपतो. शाळेत आणखी एक युक्ती सापडली. उत्तर येत असलं तरी मी ‘माहीत नाही’ म्हणायचो. हे दोन शब्द म्हणून बघा. म, ह, न. एक ‘त’ सोडला तर अडचणीचं अक्षर नाही. खऱ्या उत्तरात मात्र प यायचा, क यायचा, स यायचा. प्रगतिपुस्तकात शेरा असायचा, ‘अभ्यासात लक्ष नाही’. सातवीपर्यंत मी वर्गातला ढ मुलगा होतो, ते या दोन शब्दांच्या जोरावर.

आता तुमचा प्रश्न. मी थांबलो नाही. विसाव्या वर्षी जबड्याचं ऑपरेशन केलं, वरचा जबडा पुढे आणला. चावायला आधी खरंच जमत नव्हतं, आता जमतं. त्यामुळे केलं ते बरंच केलं. पण दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे वरचा जबडा पुढे सरकला की टाळूही त्याच्याबरोबर पुढे जाते आणि मागची फट वाढू शकते. इतक्या वर्षांच्या मेहनतीने सुधारलेलं बोलणं परत गेंगाणं झालं आणि विशीत मी पुन्हा लहान पोरांच्या रांगेत स्पीच थेरपीला बसलो. दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे. ऑपरेशननंतर फोनने मला ओळखलंच नाही. चेहरा दाखवून उघडायचा फोन होता. बिछान्यात पडून तीन वेळा दाखवला, तिन्ही वेळा नकार. नंतर आकडे घालून उघडला आणि नर्सबाई विचारेपर्यंत रडत होतो.

जुना चेहरा मला आवडत होता अशातला भाग नाही. पण तो माझ्या ओळखीचा होता. नव्याशी सूत जमायला वर्ष गेलं. पस्तावा नाही, फक्त ते वर्ष कुणी हिशेबात धरलं नव्हतं.

कानसेन
वाचतेय. मी स्पीच थेरपिस्ट आहे, शिट्टींच्या ‘मामा’चं कारण सांगते, म्हणजे कुणा पालकाला उपयोग होईल.

‘ब’ म्हणताना ओठ मिटतात, तोंडात हवा कोंडते आणि त्याच वेळी मऊ टाळू वर उठून नाकाकडचा रस्ता बंद करते. तो बंद झाला नाही की कोंडायला हवाच उरत नाही, ती नाकातून जाते, आणि ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’ होतो. म आणि न हे मुळातच नाकातले, म्हणून ते अशा मुलांना स्वच्छ येतात. आम्ही नाकाखाली थंड आरसा धरून मुलाला ‘पपपप’ म्हणायला लावतो. आरशावर वाफ धरली की हवा कुठून चाललीय ते मुलालाही दिसतं.

काही मुलं यावर स्वतःच तोडगा काढतात. टाळू हवा अडवत नाही, मग घशातच अडवतात, आणि ‘क’च्या जागी घशातला एक ठसका येतो. ही सवय ऑपरेशनने जात नाही, ती सरावानेच मोडावी लागते. रस्ताच बंद होत नसेल तर उलट, नुसता सराव करून भागत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. ‘अजून प्रयत्न कर, नीट बोल’ असं मुलाला दटावण्याआधी या दोन्हींपैकी काय आहे ते तपासून घ्या. जे त्याच्या स्नायूंना शक्यच नाही त्यासाठी मूल वर्षानुवर्षं बोलणी खातं.

आणि कान! मधल्या कानाची नळी उघडणारा स्नायू टाळूचाच. तो नीट काम करत नसला की कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि मुलाला कमी ऐकू येतं. ‘लक्ष नाही’ या शेऱ्यामागे कधी कधी हेही असतं. शिट्टी, तुमची श्रवणचाचणी तेव्हा झाली होती का?

शिट्टी
आठवीत झाली. साठलेलं पाणी निघायला डाव्या कानात बारीक नळी बसवली. वर्गात पंख्याचा आवाज येतो हे मला त्यानंतर कळलं.

स्पष्टवक्ता
कटू वाटेल, पण लिहितो. आईवडिलांनी १९ वर्षं खस्ता खाल्ल्या, रजा काढल्या, रात्री जागवल्या. आता मुलीला ‘माझा चेहरा, माझा निर्णय’ सुचतंय. एक ऑपरेशन करून त्यांना समाधान दिलं तर काय बिघडेल?

अर्धविराम
स्पष्टवक्ता, हेच वाक्य माझ्या डोक्यात रोज असतं, म्हणून राग आला नाही. त्यांच्या खस्ता मला पाठ आहेत. टाळूचं ऑपरेशन झाल्यावर मी हात तोंडात घालू नये म्हणून कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि आई रात्रभर माझे हात धरून बसली होती, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की मला ती आठवते असंच वाटतं. पण समाधानासाठी ऑपरेशन करायचं तर भूल मला देणार, टाके मला पडणार. ते समाधान दुसऱ्या कशाने होतं का, ते मी शोधतेय.

दाढदुखी
वरच्या वादात पडत नाही. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणारा डॉक्टर आहे, अशी मुलं वर्षानुवर्षं बघतो. घरात ही चर्चा चालते तेव्हा सगळी ऑपरेशनं एकाच पिशवीत टाकलेली असतात, तेवढं फक्त सोडवतो.

काहींना घड्याळ असतं. ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळू ९ ते १८ महिन्यांत. टाळूला उशीर केला तर बोलणं चुकीच्या वळणावर पडतं. हिरडीत हाड भरायचं ते बहुधा ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, कायमचा सुळा उतरायच्या आधी, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळतं. ही वेळ चुकली की काम अवघड होतं. इथे पालकांनी ठरवायचं, तेच योग्य, कारण मूल ठरवण्याच्या वयाचं होईपर्यंत थांबताच येत नाही.

काहींना घड्याळ नसतं. जबड्याचं आणि नाकाचं शेवटचं काम वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. जबडा करायचा असेल तर तो आधी, नाक नंतर, कारण पाया सरकला की वरचं नाकही बदलतं. वाढ पूर्ण झाली म्हणजे दार उघडलं, ते २० व्या वर्षी बंद होत नाही. पंचविशीत करा, पस्तिशीत करा. श्वास घ्यायला त्रास असेल तर गोष्ट वेगळी. अर्धविराम, नाक एका बाजूने चोंदतं का, रात्री तोंड उघडं राहतं का, हे एकदा विचारून घ्या. त्रास नसेल आणि प्रश्न फक्त दिसण्याचा असेल, तर आज ‘नको’ म्हणून तुमचं वैद्यकीय नुकसान काही नाही.

आणि एक भ्रम काढतो. व्रण पुसला जात नाही. जुन्याच्या जागी नवा, जास्त बारीक व्रण येतो, आणि तोही लाल-टणक असतो, मऊ फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. परीक्षेच्या नाहीतर समारंभाच्या तोंडावर हे करायला येणाऱ्यांना मी हे आधी ऐकवतो.

नवखा_बाबा
पहिल्यांदाच लिहितोय. मुलगी नऊ वर्षांची, हिरडीचं ऑपरेशन दोन महिन्यांवर आलंय. हा धागा रात्री दोनदा वाचला.

आम्ही घरात या विषयावर बोलतच नाही. बायकोला अजून वाटतं, तिच्याच हातून काही चूक झाली. मुलीला आम्ही ‘लहानपणी पडली होतीस’ असं सांगितलंय. जन्माच्या वेळचे सगळे फोटो मी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेत. आता ती विचारते, पडले तर कमरेचं हाड का काढतात? मला उत्तर देता आलं नाही.

दाढदुखी
चूक कुणाचीच नाही, हे वहिनींना वाचून दाखवा. ओठ जुळतो तो गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या. यातले पहिले काही दिवस तर कित्येक बायकांना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. धूम्रपान, फिटची काही औषधं यांनी शक्यता वाढते हे खरं, पण बहुतेक घरांत एक कारण असं बोट ठेवून दाखवता येत नाही. अनेक जनुकं आणि परिस्थिती यांची ती गुंतागुंत असते. जगात साधारण ७०० बाळांमागे एकाला हे होतं.

शिट्टी
दादा, ‘पडली होतीस’ हे आजच मागे घ्या. मलाही असंच काहीतरी सांगितलं होतं. खरं मला अकराव्या वर्षी एका केसपेपरवर वाचायला मिळालं. मला आजाराचा धक्का नाही बसला. सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, याचा बसला.

अर्धविराम
फोटोंचं वाचून थबकले. आमच्या अल्बममध्ये माझा पहिला फोटो पाच महिन्यांची असतानाचा आहे. भावाचा पहिला फोटो जन्माच्या दुसऱ्या दिवशीचा. मी हे इतकी वर्षं बघत आले आणि कधी विचारलं नाही.

मनकवडी
उशिरा येतेय. दुभंगलेल्या ओठ-टाळूवर उपचार करणाऱ्या टीममध्ये समुपदेशक म्हणून काही वर्षं काम केलंय.

सगळ्यात आधी, दुभंगलेल्या ओठाचं प्रत्येक मूल मनाने खचलेलंच असतं असं नाही. बहुतेक मुलं आपापली चांगली वाढतात. ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास व्रणाच्या लांबीवर मोजता येत नाही. बघणाऱ्याला जेमतेम दिसणारा व्रण असलेली मुलगी घराबाहेर पडायला तयार नसते आणि दोन्ही बाजूंचा ओठ शिवलेला मुलगा नाटकात उभा असतो. स्वतःला ते किती दिसतं, लोक किती बघतायत असं वाटतं, चिडवाचिडवी किती झाली, यावर पुष्कळ ठरतं. म्हणून ‘एवढं काही दिसत नाही गं’ हे वाक्य मी पालकांना बंद करायला सांगते. त्याने फक्त एवढंच कळतं की आपलं ऐकून घेतलेलं नाही.

लोकांच्या नजरेचं काय करायचं, याचा सराव करता येतो. जेम्स पार्ट्रिज अठराव्या वर्षी गाडीच्या आगीत होरपळले होते. त्यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये चेंजिंग फेसेस ही संस्था काढली. त्यांच्याकडची एक रीत मला फार उपयोगी पडते. थोडक्यात सांगायचं, समोरच्याला निर्धास्त करायचं आणि विषय वळवायचा. ‘जन्मतः ओठ जुळलेला नव्हता, शिवलाय, दुखत नाही. तू कुठल्या वर्गात?’ नऊ वर्षांच्या मुलीला हे जमतं. मात्र त्यासाठी खरं काय ते तिला माहीत हवं. ‘पडले होते’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘कुठे?’, आणि मूल अडकतं.

अर्धविराम, ‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची एक प्रश्नावली आहे, ८ ते २९ वयासाठी. ओठ, नाक, दात, व्रण, बोलणं, शाळा, मित्र यांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच भरायचं असतं, आई किंवा डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांकडे आहे का विचारा. नसली तरी हरकत नाही. एका कागदावर लिहा, यातलं मला काय खुपतं आणि घरच्यांना काय खुपतं. दोन रकाने. बहुतेकदा ते जुळत नाहीत, आणि बोलायला तिथूनच सुरुवात होते.

एवढंच बजावते. झोप उडाली, मित्र तुटले, आवडीचं काही करावंसं वाटेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर ऑपरेशनचा वाद बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. पालकांनी थेट विचारायला घाबरू नये, विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही.

रात्रवाचक
थोडं अवांतर, पण शिट्टींच्या ‘माहीत नाही’वरून आठवलं. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांचीही टाळू जन्मतः दुभंगलेली. २००४ मध्ये क्योटो पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात त्यांनी लहानपणची ऑपरेशनं, आपलं बोलणं इतरांना न कळणं, शाळेतल्या मुलांनी झिडकारणं हे सगळं स्वतः सांगितलंय. लिहिलेला शब्द आपल्याला का जवळचा वाटतो, तेही. आणि याच माणसाने १९८१ मध्ये माणसं एकमेकांशी बोलून समजुतीला कशी येतात, यावर दोन जाडजूड खंड लिहिले. (ते मी पूर्ण वाचलेत असा दावा नाही. पहिल्याच खंडात दमलो.)

शिट्टी
म्हणजे तेही वर्गात ‘माहीत नाही’ म्हणत असतील. जर्मनमध्ये जमत असेल का कोण जाणे.

अर्धविराम
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

रकाने केले. माझ्या रकान्यात आलं: फोनवर ‘परत सांगता का?’ असं विचारतात ते, डावा सुळा, आणि सकाळी नाक चोंदणं. नाकाचा आकार पाचव्या नंबरवर. मग आईला तिचा रकाना भरायला दिला. ती कागद घेऊन आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. बाहेर आली ती माझी सगळ्यात जुनी फाइल घेऊन. पहिल्या केसपेपरच्या मागे एक पाकीट होतं, त्यात फोटो. मी बारा दिवसांची.

ओठ नाकापर्यंत उघडा, डावी नाकपुडी पसरट, आणि मी हसतेय किंवा जांभई देतेय. सांगता येत नाही, कारण तोंड गालापासून गालापर्यंत पसरलंय. घाबरायला होईल असं वाटलं होतं. मला हसूच आलं, इतकी मोकळी दिसतेय ती.

आई म्हणाली, “ओठ शिवून तुला बाहेर आणलं तेव्हा सगळे म्हणाले, किती छान झालं. मला ओळखताच आलं नाही तुला. चार महिने जिच्याशी बोलत होते ती गेली असं वाटलं. हे कुणाला सांगणार? रडले तर लोक म्हणाले, आनंदाने रडतेय.”

शिट्टीदादा, तुमच्या फोनची गोष्ट मी तिला तिथेच वाचून दाखवली.

तिचा रकाना रिकामाच होता. तिने पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, ‘लोक बघतात’. त्यावर आम्ही अजून बोलतोय, रोज थोडं. कधी तीच चिडते, कधी मी. बाबांचं मत अजून ‘करून टाकावं’ असंच आहे. डॉक्टरांना मी स्वतः फोन करून सांगितलं, या वर्षी नाही. नाक चोंदण्याचं मात्र तपासायचंय, पुढच्या महिन्यात जातेय. ते म्हणाले, बरं, आणि दोनदा ‘परत सांगता का?’ असं विचारलं. मी परत सांगितलं.

नवखा_बाबा
फोटो परत आणले. काल तिघं बसून पाहिले. बायको मधेच उठून गेली, मग आली. मुलीने एकच फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, यात माझ्या हिरडीत फट कुठे आहे, कमरेचं हाड तिथेच बसणार का? मी बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाली, हा फोटो शाळेत नेऊ का? मी अजून हो म्हटलेलं नाही. मनकवडी ताई, नेऊ द्यावा का?